हातात भांडं नसलेला वाढपी: होंग म्युंग-बो आणि फुटबॉलमधली हरवलेली जागा

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्राझीलने सोलमध्ये जाऊन दक्षिण कोरियाला ५-० ने हाणलं. त्यानंतर तिकडे जो गदारोळ झाला तो वाचून माझ्या दोन-तीन मित्रांनी एकच प्रश्न विचारला, की हे "तीन बॅक की चार बॅक" (म्हणजे मागे बचावाला तीन डिफेंडर ठेवायचे की चार) काय प्रकरण आहे आणि त्यावरून कोचला एवढं का झोडपतायत. प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायचं तर त्या कोचपासूनच सुरुवात करावी लागते, कारण कोच आहे होंग म्युंग-बो, आणि हा माणूस स्वतः तीन बॅकच्या मधोमध उभा राहून, माझ्या मते, आशियातला आजवरचा सगळ्यात मोठा डिफेंडर झाला. (कोरियन नावात आडनाव आधी येतं, म्हणजे होंग हे आडनाव.) आपल्याकडे सोन ह्युंग-मिन माहितीये, पार्क जी-सुंग माहितीये, होंगचं नाव मात्र फार कमी लोकांनी ऐकलंय आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. तर त्याचं करिअर आणि तो खेळायचा ती जागा, दोन्ही एकदमच समजून घेऊ.

आधी बेसिक: डिफेंडर सांभाळतो काय?

डिफेंडरचं काम गोल अडवणं, हे सगळ्यांना माहितीये. पण कसं अडवायचं याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे प्रत्येकाने एकेक माणूस वाटून घ्यायचा आणि तो जाईल तिकडे सावलीसारखं जायचं. दुसरी म्हणजे प्रत्येकाने मैदानाचा एकेक तुकडा वाटून घ्यायचा आणि त्या तुकड्यात जो येईल त्याला धरायचं.

लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा, टेबल-खुर्चीची नाही, खाली बसून वाढायची जुनी पंगत. एकाच्या हातात वरण, एकाच्या हातात भात, एकाकडे जिलबीचं ताट. प्रत्येकाला आपलं काम ठरवून दिलेलं असतं, आणि तरीही कुठलं तरी पान रिकामं राहतंच, कारण भातवाला पुढे निघून गेला आणि वरणवाला अजून मागेच आहे. म्हणून चांगल्या घरच्या पंगतीत एक काका असतात ज्यांच्या हातात काहीच नसतं. ते एका टोकाला उभे राहून अख्ख्या पंगतीवर नजर फिरवतात, "अरे तिकडे तिसऱ्या पानावर मीठ नाही" म्हणून ओरडतात, आणि कोणीच मोकळं नसेल तर स्वतः भांडं उचलून वाढायला लागतात.

फुटबॉलमध्ये या काकांना लिबेरो म्हणायचे. इटालियन शब्द आहे, अर्थ "मोकळा". त्याला कोणी ठराविक माणूस सांभाळायला दिलेला नसतो, तो बाकीच्या डिफेंडरांच्या जरासा मागे उभा राहतो आणि ज्याचा माणूस सुटला त्याच्या जागी धावून जातो. (व्हॉलीबॉलमधला वेगळ्या रंगाचा टीशर्ट घातलेला लिबेरो, शब्द तोच.) पण इथे एक गोष्ट लोक विसरतात. काका जसे वेळ आली की स्वतः भांडं उचलतात तसा चांगला लिबेरो बॉल मिळाला की तो घेऊन पुढे निघतो, कारण समोरच्यांपैकी कोणी त्याला मार्क करत (म्हणजे चिकटून राहत) नसतं. जर्मनीच्या बेकनबाउअरने ही जागा नुसती राखणीची न ठेवता जवळजवळ प्लेमेकरची (टीमचा खेळ रचणाऱ्याची) करून टाकली, आणि होंग त्याच वाटेवरचा.

पोराला लगेच मागे उभं केलं

होंगचा जन्म १९६९ चा, सोलचा. १९९० च्या वर्ल्ड कपला गेला तेव्हा २१ वर्षांचा होता, आणि एवढ्या लहान पोराला टीमच्या सगळ्यात मागच्या जागेवर उभं करणं ही साधी गोष्ट नाही, कारण लिबेरो चुकला की मागे फक्त गोलकीपर. कोरिया तिन्ही मॅच हरला. १९९२ मध्ये तो पोस्को स्टील कंपनीच्या पोहांगच्या टीममध्ये आला आणि पहिल्याच वर्षी टीम लीग जिंकली आणि लीगचा सगळ्यात मौल्यवान खेळाडू कोण, तर हा नवखा डिफेंडर. गोल करणाऱ्यांना बक्षिसं देणाऱ्या खेळात हे होतं म्हणजे बघणाऱ्यांना काहीतरी वेगळं दिसलं असणार.

जगाला ते दिसलं १९९४ मध्ये, अमेरिकेत, डॅलसच्या भाजून काढणाऱ्या उन्हात. स्पेनविरुद्ध कोरिया ०-२ ने मागे, ८५ वं मिनिट. होंगने मारलेली फ्री किक भिंतीतल्या (किक अडवायला रांगेत उभ्या राहिलेल्या) माणसाला लागून वळली आणि आत गेली. मग अगदी शेवटी होंगच बॉल घेऊन पुढे आला, सो जंग-वॉनला पास दिला आणि जंग-वॉनने बरोबरी केली, २-२. म्हणजे सगळ्यात मागे उभा राहायचं काम असलेल्या माणसाचा दोन्ही गोलांत हात. दहा दिवसांनी त्याच मैदानावर जर्मनीविरुद्ध हाफटाइमलाच ०-३, मॅच संपल्यात जमा, आणि मग ह्वांग सन-होंगने एक मारला आणि ६३ व्या मिनिटाला होंगने लांबून असा काही शॉट मारला की वर्ल्ड चॅम्पियन जर्मनी उरलेला अर्धा तास धापा टाकत बचाव करत होती. कोरिया ३-२ ने हरला, पण ती मॅच मिळाली तर बघाच, आणि बघताना बॉलकडे कमी आणि होंगकडे जास्त बघा.

१९९८ ची गोष्ट थोडक्यात सांगतो कारण सांगण्यासारखी नाही. नेदरलँड्सने ५-० ने धुतलं, कोरियाचा कोच चा बुम-कुन याला स्पर्धा चालू असतानाच घरी पाठवलं. त्या नेदरलँड्सच्या टीमचा कोच होता गुस हिडिंक. हे नाव लक्षात ठेवा.

मधल्या काळात तो जपानच्या लीगमध्ये गेला, आधी हिरात्सुका, मग काशिवा. १९९९ ला काशिवाने जे-लीगचा कप जिंकला आणि पुढे होंग त्या टीमचा कॅप्टनही झाला. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं, त्या जखमा अजून ताज्या आहेत, अशात जपानी ड्रेसिंग रूममध्ये कोरियन माणसाच्या दंडावर कॅप्टनची पट्टी येणं हे स्कोअरबोर्डवर दिसत नाही पण मला ते कुठल्याही गोलाइतकंच मोठं वाटतं.

२००२: ज्याने ५-० ने हरवलं तोच कोच

२००२ च्या आधी कोरिया पाच वर्ल्ड कप खेळला होता, १४ मॅच, १० हार, ४ ड्रॉ आणि विजय शून्य. आणि आता वर्ल्ड कप स्वतःच्या घरी. हिडिंकला आणलं. त्याने सुरुवातीला युरोपसारखे चार बॅक लावून बघितले, फ्रान्सकडून ५-० ने हरले, चेककडून ५-० ने हरले, लोक त्याला "पाच-शून्य" याच नावाने हाक मारायला लागले. होंग दुखापतीमुळे बाहेर होता, आणि बरा झाल्यावरही हिडिंकने त्याला लगेच घेतलं नाही. वय ३३ कडे झुकलेलं, सगळ्यांना वाटलं संपला. २००२ च्या मार्चमध्ये बोलावलं, तीन बॅक पक्के झाले, डाव्या-उजव्या बाजूला किम ते-यंग आणि चोई जिन-चुल, मध्ये होंग.

मग पोलंड २-०, अमेरिका १-१, पोर्तुगाल १-०, इटली २-१, स्पेन ०-० आणि पेनल्टीवर ५-३, सेमीफायनलला जर्मनी ०-१. पहिल्या सहा मॅचमध्ये मिळून फक्त तीन गोल खाल्ले. इटलीविरुद्ध किम ते-यंगचं नाक फुटलं, तर पुढे तो मास्क लावून खेळला.

स्पेनची मॅच आपल्याकडे शनिवारी दुपारी बारा वाजता लागली होती, २२ जून. आमच्याकडे जेवणं होऊन भांडी आवरली तरी ०-० च होतं, एक्स्ट्रा टाइम गेला, पेनल्टी आल्या. कोरियाचा गोलकीपर ली वून-जे याने स्पेनच्या होआकिनचा शॉट अडवला आणि पाचवी पेनल्टी मारायला होंग चालत आला. अख्ख्या स्पर्धेत दगडी चेहऱ्याने वावरलेला माणूस, चार पावलं मागे गेला, शांतपणे मारली, आणि मग दोन्ही हात पसरून पळताना तोंडभर हसला. आमच्या घरात कोणाला फुटबॉल कळत नव्हता, पण आई म्हणाली, "हा बघ आत्ता हसला." मला वाटतं माझ्यासाठी हे सगळं तिथून सुरू झालं.

स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत पहिला जर्मनीचा गोलकीपर कान, दुसरा ब्राझीलचा रोनाल्डो आणि तिसरा होंग. असा बहुमान मिळालेला तो पहिला आशियाई.

आणि सेमीफायनलनंतरची मॅच बघा, कारण लिबेरोची जागा किती निर्दयी आहे ते तिथे कळतं. तिसऱ्या नंबरसाठी तुर्कीशी मॅच. कोरियाने किकऑफ घेतला, बॉल नेहमीसारखा मागे होंगकडे आला, त्याने एक क्षण जास्त घेतला, इल्हान मान्सिझ अंगावर आला, बॉल गेला आणि हकान शुकुरने गोल मारला. ११ सेकंद. वर्ल्ड कपच्या इतिहासातला सगळ्यात झटपट गोल, आणि तो त्याच माणसाच्या पायातून निसटलेल्या बॉलवर. फॉरवर्डने दहा चान्स घालवले तरी अकराव्याला गोल मारला की हिरो होतो, मागच्या माणसाला ही सोय नाही.

"म्युंग-बो, चल जेवायला"

कोरियन भाषेत आपल्यासारखंच, किंबहुना आपल्यापेक्षा जास्त, वयाप्रमाणे बोलणं बदलतं. एक-दोन वर्षांनी मोठा असला तरी त्याला "ह्यंग" म्हणजे दादा म्हणायचं, क्रियापदसुद्धा आदराचं लावायचं. आता मैदानात विचार करा. तुमच्या मागून माणूस सुटलाय, अर्ध्या सेकंदात ओरडायचंय, आणि समोर दहा वर्षांनी मोठा कॅप्टन आहे. "अहो दादा, जरा डावीकडे सरकता का" म्हणेपर्यंत गोल झालेला असतो. शिवाय जेवायलाही मोठे एका टेबलावर, लहान दुसऱ्या टेबलावर, मग एकमेकांशी बोलणार कधी.

हिडिंकने सांगितलं मैदानावर सगळे अरे-तुरे, आणि जेवायला सगळे मिसळून. तिकडे किस्सा सांगतात की सगळे गप्प बसले होते, तेवढ्यात एक तरुण खेळाडू होंगला म्हणाला, "म्युंग-बो, चल जेवायला." कॅप्टनला, सगळ्यात सीनियर माणसाला! आपल्याकडे ऑफिसात नवीन लागलेल्या पोराने मोठ्या साहेबांना "काय रे" म्हणावं तसं. होंगने ते चालवून घेतलं, आणि त्याने चालवून घेतलं म्हणूनच सगळ्या टीमला ते जमलं, कारण असा नियम वरच्या माणसाने मोडू दिला तरच मोडतो.

पुढे २००९ ला तो २० वर्षांखालच्या टीमचा कोच झाला तेव्हा त्याने बरोबर उलटं केलं, पण अर्थ तोच. स्वतःपेक्षा वीस वर्षांनी लहान पोरांशी तो आदरार्थी भाषेत बोलायचा. ती पोरं वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेली.

पण २००२ ला रेफरीने मदत केली नव्हती का?

हा आक्षेप येणारच आणि टाळून चालणार नाही. इटलीच्या मॅचमध्ये त्यांच्या टोटीला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं, स्पेनचे दोन गोल रद्द केले, त्यातला एक बॉल बाहेर गेला म्हणून रद्द केला आणि रिप्लेमध्ये बॉल आतच दिसतो. स्पेन-इटलीच्या लोकांचा राग समजण्यासारखा आहे. मी ते नाकारत नाही. पण रेफरीच्या शिट्टीने पोलंडविरुद्ध क्लीन शीट (एकही गोल न खाणं) येत नाही, जर्मनीला ७५ मिनिटं शून्यावर ठेवता येत नाही. होंगचं मोजमाप त्या एका महिन्यावर करायचंच नसेल तर नका करू. सलग चार वर्ल्ड कप खेळणारा तो पहिला आशियाई, त्या चार वर्ल्ड कपमधल्या कोरियाच्या सगळ्या १६ मॅचमध्ये तो होता, एकूण १३६ आंतरराष्ट्रीय मॅच. हा आकडा कोरियाचा रेकॉर्ड होता, चा बुम-कुनसोबत वाटून घेतलेला, आणि तो सोन ह्युंग-मिनने मोडला कुठे, तर त्या ब्राझीलच्याच मॅचमध्ये, कोचच्या बाकावर होंग बसलेला असताना.

एवढी भारी जागा होती तर गेली कुठे?

इथे ऑफसाइड थोडा समजून घ्यावा लागेल. सोपं करून सांगायचं तर पास निघाला त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या शेवटच्या डिफेंडरच्या पुढे (म्हणजे गोलच्या जास्त जवळ) असाल तर ऑफसाइड. म्हणून डिफेंडर एका रेषेत उभे राहतात आणि ठरवून एकदम पुढे सरकतात, की फॉरवर्ड मागे उघडा पडतो. आता या रेषेच्या पाच-सात मीटर मागे एक लिबेरो उभा असेल तर? शेवटचा माणूस तो, म्हणजे रेषा त्याची, आणि समोरच्या टीमला तेवढी जागा फुकटात मिळाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी मिलानच्या टीमने चार डिफेंडर एका रेषेत ठेवून पुढे सरकण्याचं तंत्र इतकं पक्कं केलं की बाकी सगळे तेच शिकायला लागले. मग टीम दोनऐवजी एकच फॉरवर्ड खेळवायला लागल्या, मग एका माणसासाठी मागे तीन माणसं कशाला? १९९२ ला नियम आला की आपल्याच माणसाने पायाने मागे दिलेला बॉल गोलकीपरने हाताने उचलायचा नाही, त्यामुळे गोलकीपर पायाने खेळायला शिकले आणि मागे राहून झाडलोट करण्याचं काम हळूहळू त्यांच्याकडेच गेलं. जर्मनीचा सामर, १९९६ चा युरो जिंकणारा, हा बहुतेक शेवटचा मोठा अस्सल लिबेरो. २००२ चा होंगसुद्धा जुन्या अर्थाने पूर्ण लिबेरो नव्हता, तो बरेचदा बाकी दोघांच्या रेषेतच असायचा आणि गरज पडली की मागे सरकायचा. पंगत गेली, बुफे आला, काकांची जागा संपली, असं समजा.

चांगला खेळाडू होता, कोच म्हणून एवढा राग का?

कारण मागून सगळ्यांना सांभाळायची सवय. हा माझा अंदाज आहे, पण घटना बघा. कोरियात पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा असते. ऑलिम्पिकचं मेडल मिळालं की खेळाडूंना त्यातून जवळजवळ सूट मिळते. २०१२ ला फॉरवर्ड पार्क चू-यंगने ही सेवा लांबणीवर टाकल्यामुळे देशभर टीका चालू होती, तर होंग त्याच्या शेजारी पत्रकार परिषदेला बसला आणि म्हणाला की हा नाही गेला तर याच्या जागी मी जाईन. लंडन ऑलिम्पिकच्या ब्राँझ मेडलच्या मॅचमध्ये जपानविरुद्ध पहिला गोल त्याच पार्कने मारला, दुसरा कू जा-चोलने, २-०. आणि अगदी शेवटी, ८९ व्या मिनिटाला होंगने किम गी-ही नावाच्या डिफेंडरला आत पाठवलं, कारण तोपर्यंत तो एकही मिनिट खेळला नव्हता आणि न खेळणाऱ्याला सूट मिळत नव्हती. जेमतेम काही मिनिटं, पण त्या पोराची जवळजवळ दोन वर्षं वाचली. कुठल्या पानावर काय वाढायचं राहिलंय ते बघणं म्हणतात ते हेच.

दोन वर्षांनी हेच अंगाशी आलं. २०१४ च्या वर्ल्ड कपला पार्क क्लबमध्ये बाकावर बसून होता तरी होंगने त्याला घेतलं. रशियाशी ड्रॉ, अल्जेरियाकडून ४-२ हार, बेल्जियमकडून हार. विमानतळावर लोकांनी टीमसमोर "यॉत" फेकली, ही तिकडची चिकट पारंपरिक मिठाई, आपल्या चिक्कीच्या जवळपासची, पण "यॉत खा" ही तिकडे शिवी आहे. त्याच्या फुटबॉलला "दोस्ती निभावणारा फुटबॉल" असं नाव पडलं आणि तो पायउतार झाला.

मग उल्सान क्लबला जाऊन २०२२ आणि २०२३ असे सलग दोन लीग जिंकले. २०२४ ला नॅशनल टीमचं बोलावणं आलं तेव्हा आधी जाणार नाही अशा अर्थाचं बोलून मग तो गेला, उल्सानच्या फॅन्सना हे लागलं आणि माझ्या मते त्यांचं चुकलं नाही. निवड कशी झाली यावरून त्याला संसदेच्या समितीसमोर उभं राहावं लागलं, आणि सरकारी तपासणीत प्रक्रिया नियमाला धरून नव्हती असं निघालं. पहिल्या मॅचला घरच्याच मैदानावर हुर्यो उडवली. त्यानंतर मात्र वर्ल्ड कप पात्रतेच्या त्या फेरीत टीम १० पैकी एकही मॅच हरली नाही आणि २०२५ च्या जूनमध्ये इराकला बसऱ्यात २-० ने हरवून वर्ल्ड कपचं तिकीट काढलं.

मग आता तीन बॅक का?

त्या जुलैपासून त्याने तीन बॅक आजमावायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेला २-० ने हरवलं, मेक्सिकोशी २-२. मग ब्राझीलने पाच मारले आणि लोक म्हणाले जुनं दुकान उघडून बसलाय. पण हे जुनं दुकान नाही. आजचे तीन बॅक वेगळ्या कारणासाठी लावतात. बाजूचे दोन खेळाडू बचावाला मागे आले की पाच जण होतात, बॉल मिळाला की तेच पुढे पळतात, आणि समोरचे अंगावर आले तरी मागून बॉल काढायला तीन माणसं मिळतात. यात मागे सरकून उभा राहणारा मोकळा माणूस नसतो, तिघं एकाच रेषेत. ब्राझीलविरुद्ध तीच रेषा पुन्हा पुन्हा उशिरा सरकली, एक पुढे आणि दोन मागे, आणि त्या फटीतून बॉल जात राहिले.

कोरियाची मॅच लागली तर पहिली दहा मिनिटं बॉल सोडून द्या आणि तिघांतल्या मधल्या माणसाकडे बघा, बहुतेक वेळा तो किम मिन-जे असतो, जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबवाला. बॉल दुसऱ्या टोकाला असतानाही त्याची मान सारखी डावी-उजवीकडे फिरत असते आणि हाताने तो बाजूच्यांना खुणा करत असतो. आणि अधूनमधून, कोणी मार्क करत नाहीये बघून, तो बॉल घेऊन सरळ मधल्या रेषेच्या पलीकडे चालायला लागतो, आणि साइडलाइनला होंग हाताची घडी घालून उभा असतो.